जांगडची पैठणी

वर्गात मला एक गोष्ट मात्र जमते. कायदा कितीही रुक्ष असो, त्याला मी घरातलं एखादं उदाहरण चिकटवते. मालविक्रीचा कायदा शिकवायला घेतला की मुलं जांभया द्यायला लागतात, हे इतक्या वर्षांत मला पाठ झालंय. म्हणून मी कलम चोवीसवर आले की पुस्तक मिटते आणि विचारते, "जांगड म्हणजे काय, कुणाला माहितीय?" व्यापाऱ्यांच्या घरातले दोन हात वर येतात, बाकीचे नुसते बघत राहतात.

जांगड म्हणजे पसंतीवर आणलेला माल. दुकानदार चार साड्या घरी पाठवतो. तुम्ही बघता, आवडेल ती ठेवता, उरलेल्या परत करता. तोवर साड्या तुमच्या कपाटात असतात, पण तुमच्या नसतात. मग तुमच्या कधी होतात? कायदा म्हणतो, तुम्ही पसंती कळवलीत की. किंवा काहीच न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतल्यात की. किंवा ती वस्तू आपलीच आहे असं एखादं वागणं तुमच्या हातून झालं की. या तिसऱ्या मुद्द्याशी मी खडू खाली ठेवते, हात झटकते आणि म्हणते, "घडी मोडली, की माल तुमचा!" वर्ग हसतो. मुली तर हमखास हसतात, कारण नवीन साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हे वाक्य आमच्या घरातही पोचलं होतं. माझा मुलगा लहानपणी जेवायला बसला की माझी नक्कल करायचा. डब्यातल्या शेवटच्या लाडवाला दात लावायचा, हात झटकायचा आणि माझ्या आवाजात म्हणायचा, "घडी मोडली, की माल तुमचा!" मी डोळे वटारायची आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. लाडू अर्थातच वहिनींनी केलेले असायचे.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडला. खाली आम्ही तिघं, वर वहिनी. दीर गेले तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. वहिनींना मूलबाळ नाही. मी सकाळी लेक्चरला पळायची, संध्याकाळी पेपर तपासायची, मधली काही वर्षं प्रबंध लिहायची, आणि मुलगा वहिनींच्या हाताखाली वाढायचा. त्याचा डबा, त्याचा ताप, त्याची पाठांतरं सगळं त्यांनी केलं. तो त्यांना मोठी आई म्हणतो. मी हे लोकांना कौतुकानं सांगते. सांगताना आपण काहीतरी देतोय असं वाटतं आणि खर्च काहीच होत नाही.

दीर गेल्यावर वहिनींनी टिकली लावणं सोडलं नाही. आम्हीच सोडू दिलं नाही असं मी म्हणायची. "आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत," हे वाक्य हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ऐकवून ऐकवून मी गुळगुळीत करून टाकलंय. पण त्यांच्या साड्या हळूहळू फिक्या होत गेल्या, काठ बारीक होत गेले. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी समजून चालले की त्यांनाच आता तशा आवडतात. विचारायचं काही मला सुचलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलाचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त खरेदी उरली होती. पैठण्या कुठल्या घ्यायच्या यावर चर्चाच नव्हती. येवल्याची एक पैठणीवाली आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. घरात माग आहेत, नवरा आणि दीर विणतात आणि विकायचं काम हिचं. सीबीएस स्टँडवर एसटीतून उतरायची, रिक्षा करायची, आणि गाठोडं सोफ्यावर टाकून आधी पाणी मागायची. बोलायला फटकळ, हसायला मोठ्ठी. तिच्याशी घासाघीस करण्यात मला फार आनंद मिळतो, आणि तिलाही मिळतो असं मला वाटतं.

तिनं पाच पैठण्या काढून ठेवल्या. "ठिवा दोन-चार दिस. सूनबाईला दाखवा, इहीणबाईला दाखवा. जांगड हाय, कुठं पळून चाललीय?"

"कागद करू का?" मी तिला चिडवलं.

"कागद कशाला लागतोय? तुमची जबान हाय ना, बास."

खाली रंगकाम चाललं होतं, भिंतींवर भरलेल्या लांबीचा वास, कपाटं खोलीच्या मध्ये ओढलेली. म्हणून ते मलमलीच्या फडक्यातलं गाठोडं मी वहिनींच्या कपाटात ठेवलं.

रविवारी होणारी सून आणि तिची आई आल्या. पैठण्या दिवाणावर मांडल्या. सुनेनं डाळिंबी रंगाची घेतली, मी जांभळी. उरलेल्या तीन पैठण्यांमध्ये एक चिंतामणी रंगाची होती. निळा म्हणावा तर हिरवा वाटतो, हिरवा म्हणावा तर निळा, असा तो रंग. पदरावर मोर. वहिनी चहाचे कप उचलता उचलता थांबल्या, हात पदराला पुसला आणि त्या साडीचा काठ दोन बोटांत धरून बघितला. "किती बारीक विणलीय," एवढंच म्हणाल्या.

विहीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कुठली घेताय, मोठ्या वहिनी?"

उत्तर मी दिलं. "त्यांना जड आवडत नाही. त्यांच्यासाठी मी हलकी सिल्क आणलीय, ऑफ व्हाइट. सुरेख आहे."

वहिनी हसल्या. "हो ना, मला कुठं झेपतंय आता एवढं." आणि कप घेऊन आत गेल्या.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण त्यांची किती आठवण ठेवली, सगळ्यांच्या आधी त्यांची साडी आणून ठेवली, असंच वाटलं. मी स्वतःवर खूश असते तेव्हा हमखास काहीतरी बिघडलेलं असतं, पण ते मला मागाहून कळतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी कॉलेजात कसलीशी सभा होती म्हणून तास रद्द झाले आणि मी दुपारीच घरी आले. रिक्षातच पैठणीवालीचा फोन आला होता की ती उद्याच येतेय, साड्या काढून ठेवा. मी चप्पल काढली आणि तशीच वर गेले. वहिनींचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

वहिनी आरशासमोर उभ्या होत्या. अंगावर ती चिंतामणी पैठणी होती. रोजचाच पांढरा ब्लाउज, ब्लाउजपीस अजून साडीलाच, त्यामुळे निऱ्या जरा जास्त झालेल्या. फॉल नव्हता म्हणून काठ फरशीवर लोळत होता. पदर त्यांनी पुढून घेतला होता आणि मोर नीट दिसावा म्हणून हात थोडा लांब धरला होता. त्या काही नटल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, आणि चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. त्या सुंदर दिसत होत्या. हे मला दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं, म्हणूनच पुढच्या बोलण्याला मला सबब सापडत नाही.

"वहिनी! अहो, जांगडची आहे ती! घडी मोडलीत तुम्ही!"

आवाज वर्गातला होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

वहिनी वळल्या. माझ्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. जरा जास्त वेळच राहिल्या, असं मला आता वाटतं. मी पुढे काही बोलले नाही. डोक्यात हिशेब सुरू झाला होता की पैठणीवाली उद्या येणार, साडी परत कशी द्यायची, तिच्यापुढे शोभा होणार, आपली एवढ्या वर्षांची पत. मग वहिनी म्हणाल्या, "नुसती लावून बघितली गं," आणि त्यांनी पदर खांद्यावरून काढला.

आम्ही दोघींनी मिळून त्या साडीची घडी घातली. घडी घालायला आम्हाला बोलावं लागत नाही. चादरी, पडदे, सतरंज्या, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी अशा दोन टोकांना उभ्या राहून घड्या घालत आलोय. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, टोकं एकमेकींच्या हातात द्यायची. काठाला फरशीवरची थोडी धूळ लागली होती, ती त्यांनी ओल्या रुमालानं टिपून काढली. जुन्या घडीच्या रेषा शोधून शोधून आम्ही ती तशीच बसवली. मी फडक्याला गाठ मारली आणि खाली आले. वहिनींना काय वाटलं असेल हे त्या संध्याकाळी मी मनातही आणलं नाही. घडी बरोबर बसलीय ना, एवढीच धाकधूक होती.

दुसऱ्या दिवशी पैठणीवाली आली. दोन पैठण्यांचा व्यवहार झाला, नेहमीसारखी हुज्जत झाली. उरलेल्या तिन्ही मी तिच्यापुढे ठेवल्या आणि तिनं न विचारताच म्हणाले, "नुसत्या मांडून बघितल्या हं. अंगाला लावल्यासुद्धा नाहीत."

"तुमच्याकडचं काय बघायचंय, ताई!" तिनं घड्या उलगडूनही पाहिल्या नाहीत. थेट गाठोड्यात घातल्या.

वहिनी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. ट्रे ठेवला, पैठणीवालीला कप दिला.

"मोठ्या ताई, तुमी काय घेतलं मग?"

"मला काय करायचंय," वहिनी म्हणाल्या.

मी बिस्किटांची बशी पुढे केली. खोटं मी बोलले होते आणि मान त्यांनी खाली घातली होती.

लग्न थाटात झालं. थंडी कडाक्याची होती, बायका शालीतून पैठण्या दाखवण्यासाठी हात बाहेर काढून बसल्या होत्या. वहिनी ऑफ व्हाइट सिल्क नेसल्या. सुरेखच होती ती साडी, मी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे बघून दोन-तीन जणी म्हणाल्यासुद्धा, "किती शोभून दिसतं त्यांना साधं." मी मान डोलावली. फोटोग्राफरनं घरच्या बायकांना ओळीनं उभं केलं तेव्हा वहिनी आपणहून कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मुलानं हाताला धरून त्यांना मध्ये आणलं. त्या आल्या, पण फोटोत बघितलं तर मधोमध उभ्या असूनही कडेला उभ्या असल्यासारख्याच दिसतात. तो फोटो मुलानं फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. मी येता-जाता बघते आणि दर वेळी वाईट वाटतं.

एरवी मी हे सगळं विसरले असते. वर्ग विसरू देईना. लग्नानंतर पुन्हा कॉलेज सुरू झालं आणि कलम चोवीस आलं. नेहमीसारखं मी पुस्तक मिटलं, खडू ठेवला, हात झटकले. "घडी मोडली," म्हणाले आणि अडले. अर्ध्या वाक्यावर. वर्ग वाट बघत होता, मागच्या वर्षीच्या मुलांकडून त्यांनी हे वाक्य आधीच ऐकलेलं असतं. "की माल तुमचा," मी कसंबसं पुरं केलं, आणि झटकलेले हात तसेच राहिले. मला आमच्या वरच्या खोलीचं दार दिसलं. त्या दिवशी मी घरी अर्धंच वाक्य बोलले होते. कायद्याचा पहिला तुकडा वहिनींच्या तोंडावर फेकला आणि दुसरा, जो त्यांचा होता, तो गिळला.

एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, घडी मोडली आणि दुकानदाराला कळलंच नाही, तर?"

"कळलं नाही म्हणून मालकी बदलत नाही," मी म्हणाले. "माल घेणाऱ्याचाच झाला. किंमत द्यावी लागेल."

"आणि तरी परत दिला तर?"

"तर ती फसवणूक," मी म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.

वकिली डोकं सहजासहजी हार मानत नाही. घरी जाताना मी स्वतःशी वाद घातला. लावून बघणं म्हणजे वापरणं नव्हे, ती तर तपासणी. जांगड माझ्या नावावर होती, वहिनींच्या कृत्यानं मी कशी बांधली जाईन? चांगला मुद्दा आहे हा, परीक्षेत कुणी लिहिला तर मी गुण देईन. पण मग वहिनींनी अंगाला लावून बघितल्याचं मी पैठणीवालीला सांगितलं का नाही? तपासणीच होती तर लपवलं कशाला? लपवलं, कारण मला मनातून ठाऊक होतं की साडी आमची झालीय. वहिनींची झालीय.

आणि त्या रात्री आणखी एक गोष्ट आठवली, ती आठवली नसती तर बरं झालं असतं. माझं लग्न झालं त्या वर्षीच्या संक्रांतीला वहिनींना त्यांच्या माहेरून काळी चंद्रकळा आली होती. मला माझ्या आईनं साडी पाठवली नव्हती, परिस्थिती नव्हती. मी तोंड पाडून बसले होते. वहिनींनी त्यांची कोरी साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिची घडी तू मोड." आपली नवी साडी दुसरीला आधी नेसायला देणं, हे किती मायेचं असतं ते बायकांना माहीत आहे. मी ती नेसून हळदीकुंकवाला मिरवले होते, आणि ती परत द्यायची मला आठवण राहिली नाही, वहिनींनीही कधी मागितली नाही.

मी पैठणीवालीला फोन केला. ती चिंतामणी अजून आहे का, विचारलं. "ती? ती गेली की. पिंपळगावच्या एक बाई हायेत, बागायतदार, त्यांनी घेतली लेकीच्या लग्नाला. का हो?"

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी मी एकटीच येवल्याला गेले. निफाडच्या पुढे रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांनी भरलेला, गाडी रांगत होती, आणि मी काय बोलायचं याची तालीम करत होते, जणू कोर्टात उभी राहणार होते. तिच्या घरी पुढच्या खोलीतच माग होता. नवरा विणत बसला होता. तो उठून आत गेला, आणि मी तिला सगळं सांगितलं. वहिनी नेसल्या होत्या, मी खोटं बोलले, म्हणून.

मला वाटलं होतं ती हसण्यावारी नेईल. ती हसली नाही.

"मंग सांगायचं ना ताई! मी काय खाल्लं असतं तुमाला?" तिचा आवाज चढला. "मी त्या बाईला कोरी म्हणून दिली. माझ्या तोंडानं सांगितलं, मागावरून थेट आलीय, कुणाचा हात लागला नाय. खोटी पाडली ना मला."

मी त्या बाईंना जाऊन सांगते, जे काय असेल ते भरून देते, असं म्हणाले.

"आता काय सांगता? लेकीच्या लग्नात नेसल्या, खूश हायेत. त्यांच्या आनंदात कशाला माती कालवता? गप बसा." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्याबद्दल मला असं वाटलं नव्हतं."

मी पुन्हा तशीच पैठणी विणून मागितली. तोच रंग, तोच मोर. ती कबूल झाली, उगाच भावही वाढवला नाही. निघताना मात्र म्हणाली, "पण आता तुमच्याकडं जांगड नाय ठेवायची मी. येईन, दाखवीन. आवडली तर घ्या, नायतर लगेच परत." मी बरं म्हणाले. ती चूक नव्हती. तरी गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

साडी विणून व्हायला उन्हाळा संपला. मी स्वतः जाऊन आणली. मलमलीच्या फडक्यात बांधली आणि वर नेऊन वहिनींच्या मांडीवर ठेवली. माफी मागायचं भाषण तयार होतं, पण तोंडून निघालं एवढंच, "तुमच्यासाठी आहे. तुमचीच."

त्यांनी गाठ सोडली, काठ दोन बोटांत धरून बघितला. "बारीक विणलीय," म्हणाल्या. पुन्हा गाठ मारली आणि कपाटात ठेवली.

गणपती आले, गेले. दिवाळी आली. पाडव्याला मी म्हणाले, वहिनी, आज नेसा. "नेसीन गं, कधीतरी," म्हणाल्या आणि फिकी पिवळी नेसून आल्या. सुनेचं डोहाळजेवण झालं, तेव्हाही तेच. मी काही ना काही निमित्त काढून वर जायची, कपाटात डोकवायची. फडक्याची गाठ तशीच असायची. कायद्यात वाजवी मुदत म्हणजे नेमकी किती ते लिहिलेलं नाही, परिस्थितीवर सोडलंय. मी मनात म्हणायची, परत तर दिली नाहीये ना. एवढे दिवस ठेवून घेतली म्हणजे पसंत आहे. कायदाच म्हणतो तसं.

परवा संक्रांत झाली. सकाळी त्यांनी मला वर हाक मारली. पलंगावर ते फडकं सोडून ठेवलेलं, मध्ये पैठणी.

"हिची घडी तू मोड," वहिनी म्हणाल्या.

त्यांना ती चंद्रकळा आठवत होती. मला वाटलं, मिटलं सगळं, माफ केलं त्यांनी. मी साडी घेतली. त्याच आरशासमोर नेसले. वहिनी खाली वाकून माझ्या निऱ्या सारख्या करत होत्या, पंचविशीतल्या नव्या नवरीच्या कराव्यात तशा. मग मागे सरून दाराशी उभ्या राहिल्या, त्या दुपारी मी उभी होते तिथंच. बराच वेळ बघत राहिल्या.

"छान दिसतेस," म्हणाल्या. मग दोन्ही हात झटकले, मुलगा झटकायचा तसे, आणि म्हणाल्या, "घडी मोडली, की माल तुमचा."

मी हसायला गेले. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या.

"म्हणजे आता तुझी झाली ही."

"वहिनी, अहो, ही तुमच्यासाठी आणली मी."

"माहितीय गं. पण मला ती त्या दिवशी हवी होती." त्या पलंगावर बसल्या आणि फडक्याची घडी घालायला लागल्या. "तू दारात उभी राहून म्हणालीस, घडी मोडलीत तुम्ही. आणि मी थांबले. मला वाटलं, आता पुढचं म्हणशील. पोरानं इतक्या वेळा म्हणून दाखवलेलं, मला पाठच होतं ते."

मी पदर काढायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "राहू दे, आजच्या दिवस नेस. सुनेला दाखव जा, तिला आवडेल."

मी ती नेसूनच जिना उतरले. फॉल लावलेला नव्हता, काठ एकेका पायरीवर घासत होता. वर वहिनींनी कपाट बंद केल्याचा आवाज आला.